प्रमिलाकाकूंचे पाहुणे

मी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो तिथे मला आर्किटेक्ट म्हणतात. घरात भिंतीला खिळा ठोकायचा तर मला शेजारच्यांना हाक मारावी लागते, पण हुद्दा आर्किटेक्ट. नवीन मुलं आली की प्लगइन म्हणजे काय, ते लोड कसे होतात, त्यांची सेटिंग कुठे लिहायची हे समजावण्याचं काम माझ्याकडे येतं. मी फळ्यावर चौकोन काढतो, बाण काढतो, मग बाणांचा इतका गुंता होतो की माझं मलाच कळेनासं होतं, आणि शेवटी मी एकच वाक्य बोलतो. "बोलावल्याशिवाय पाहुणा आत घ्यायचा नाही, आणि बोलावला तर त्याचा मान ठेवायचा." मुलांना ते एवढं आवडलं की कुणीतरी मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर चिकटवलं आणि खाली माझं नाव घातलं. मी ते काढायला सांगितलेलं नाही. पण वाक्य माझं नाही. ते शहापूरच्या प्रमिलाकाकूंचं आहे, आणि काकूंनी उभ्या जन्मात कीबोर्डला बोट लावलं नाही.

शहापूरच्या बाजारपेठेत काकूंची छोटी प्रेस होती. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, दशक्रियेची कार्डं, पूजेची आमंत्रणं असली कामं. प्रेस मुळात त्यांच्या नवऱ्याची, दत्ताकाकांची. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे सुट्या अक्षरांचे, खण. नव्वदच्या दशकात काका अचानक गेले तेव्हा त्यांची मुलगी वैशाली प्राथमिक शाळेत होती. मशीन भंगारात घाला आणि माहेरी जा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. काकू तेराव्यानंतर सरळ दुकानात गेल्या, खुर्चीवरची धूळ पुसली आणि बसल्या. पुढे स्क्रीन प्रिंटिंग आलं, मग कॉम्प्युटर आला, खुर्ची तीच राहिली.

काकूंची एक सवय होती. पत्रिकेचं प्रूफ त्या डोळ्यांनी तपासत नसत, मोठ्याने वाचत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कागद हातभर लांब, आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून" पासून खालच्या फोन नंबरपर्यंत एका सुरात. समोरच्या पानवाल्यालासुद्धा तालुक्यात कुणाचं लग्न कधी आहे हे त्यामुळे पाठ असायचं. "डोळा चूक पचवतो रे, कानाला ती टोचते," त्या म्हणायच्या. चूक सापडली की कागद टेबलावर पालथा घालायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

मी मुरबाडकडचा. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, नोकरी न लागलेला, आणि त्याबद्दल जगाला दोष देत हिंडणारा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. काकूंना पत्रिका टाइप करायला कुणीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, "काकू, मी टायपिस्ट नाही, मी सॉफ्टवेअरवाला आहे. मी तुम्हाला अशी सिस्टिम करून देतो की पत्रिका आपोआप तयार होतील."

"आपोआप?" काकूंनी विचारलं. "मग तू कशाला पायजेस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. कंपनीतही अधूनमधून कुणीतरी विचारतंच.

पण मी खरंच सिस्टिम लिहिली. कल्पना सोपी होती. पत्रिकेचा एक साचा करायचा, त्यात नावांच्या, तारखांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. माहिती भरली की साचा भरून पत्रिका बाहेर. अडचण एवढीच की आमच्याकडे प्रत्येक पाड्याची रीत वेगळी. डोळखांबकडचे हळदीचा उल्लेख वर मागतात, मुरबाडकडचे खाली. कुणाला कुलदैवतं तीन लागतात, कुणाला गावदेवीशिवाय चालत नाही. हे सगळं साच्यात कोंबायला गेलो तर साचा फुटला असता. म्हणून मी प्रत्येक रीतीसाठी एक छोटा वेगळा प्रोग्राम केला, म्हणजे प्लगइन. एक नावापुढे श्री. आणि सौ. लावायचा. एक गेलेल्या माणसाला कै. लावायचा. एक तारखेवरून वार काढायचा. सगळे एका फोल्डरमध्ये, आणि कुठल्या पत्रिकेला कुठले लोड करायचे, कुठल्या क्रमाने, ते एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. हे मी काकूंना तासभर समजावलं. माझ्या बोलण्यात 'मॉड्युलर' हा शब्द फार वेळा आला असावा.

काकूंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे घर एकच. लगीन असंल तसे पाव्हने बोलवायचे. कुणाला आधी, कुणाला नंतर. आणि ज्याचा त्याचा मान बघायचा."

"तसं नाही काकू," मी म्हणालो, आणि कसं आहे ते सांगायला गेलो. अर्ध्या वाक्यात माझ्या लक्षात आलं की तसंच आहे. तेव्हापासून आमच्या दुकानात प्लगइनला पाहुणा म्हणत.

पहिला घोळ श्रींचा. डोळखांबच्या वरच्या पाड्यातली एक पत्रिका होती. माझ्याकडून फाइलमध्ये श्री. लावणाऱ्या पाहुण्याची ओळ दोनदा पडली. तो बिचारा दोनदा आला आणि दोनदा काम करून गेला. प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे श्री. श्री. त्या दिवशी काकू आसनगावला नातेवाइकांकडे गेल्या होत्या, मोठ्याने वाचायला कुणी नव्हतं, आणि मी स्वतःच्या सिस्टिमवर विश्वास ठेवून सगळ्या पत्रिका छापून टाकल्या. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा काकू परतल्या होत्या. वराच्या वडिलांनी पत्रिका उलगडली आणि बोट ठेवलं. "हे काय, दोन दोन श्री?"

मी टेबलाखाली काहीतरी पडलंय असं दाखवून वाकलो.

काकूंनी पत्रिका बघितली आणि म्हणाल्या, "बाकीच्यांना आमी एकच लावतो."

तो माणूस पत्रिका छातीशी धरून गेला. पुढच्या आठवड्यात त्याच पाड्यातून दुसरे दोघे आले. "आमाला पन त्या दोन श्रीवाल्या पायजेत." मग मला त्या पाहुण्याला नवं सेटिंग करावं लागलं, श्री किती: एक किंवा दोन. माझी चूक अशी अधिकृत सोय झाली. कंपनीत मी ह्याला गिऱ्हाइकाच्या गरजेतून उगवलेलं फीचर म्हणतो.

त्या संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर काकूंनी मात्र मला समोर बसवलं. "त्यांना बरं वाटलं म्हनून ठीक. पन तू मनाशी धरून ऱ्हा. काम्पुटर चुकत नाय. बसनारा चुकतो." दुकानात कुणीही, कधीही, मशीनची चूक आहे असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. दत्ताकाकांचा खिळा उलटा बसला तरी ते खिळ्याला बोल लावत नसत म्हणे.

ह्यातून मी शहाणा व्हायला हवा होतो. मी हुशार झालो. फाइलमध्ये ओळी लिहायची कटकटच नको म्हणून सिस्टिम बदलली. फोल्डरमध्ये जो प्लगइन दिसेल तो आपोआप लोड. त्या सुमारास माझा लाडका पाहुणा होता किलबिल. पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात घरातल्या पोरासोरांची नावं आणि वर एक लाडिक ओळ. ओळ तो स्वतः जुळवायचा: आमच्या लाडक्या अमक्याच्या तमक्याला यायचं हं! अमका आणि तमका पत्रिकेतून उचलायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

तानसाकडचे एक गृहस्थ वडिलांच्या दशक्रियेची कार्डं करायला आले. डोक्यावरचे केस नुकते उतरवलेले, डोळे लाल. मी माहिती भरली, प्रूफ काढलं आणि काकूंच्या हातात दिलं. काकूंनी आपल्या सुरात वाचायला सुरुवात केली. गंभीर आवाज, योग्य तिथे थांबणं. खालच्या कोपऱ्याशी पोचल्या आणि सुराच्या भरात वाचूनही गेल्या. "आमच्या लाडक्या आजोबांच्या दशक्रियेला यायचं हं!"

पानवाल्याने पान लावायचं थांबवलं. मला पृथ्वीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण ती असली कामं माझ्यासारख्यासाठी करत नाही.

त्या गृहस्थांनी आधी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते रडायला लागले. "बाबांना पोरांचा लय नाद होता," ते म्हणाले. काकूंनी त्यांना पाणी दिलं, ते शांत होईपर्यंत त्यांच्या बाबांबद्दल विचारत राहिल्या. ते गेल्यावर कागद टेबलावर पालथा पडला.

"त्याला कुनी बोलवलं होतं?"

"तो फोल्डरमध्ये होता काकू. आपोआप..."

"दारात उभा दिसला म्हनून कुनी पाव्हना होत नाय. नाव घेऊन बोलवायला लागतं. बोलवशील तोच आत येईल, असं कर."

मी तसं केलं. आज फळ्यावर बाण काढून मुलांना सांगतो तो नियम हाच.

काकू स्वतः मात्र कुठल्या लग्नाला जात नसत. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या हातून छापली जायची. लोक त्यांनीच छापलेली पत्रिका, त्यावर त्यांचं नाव घालून, त्यांनाच आणून द्यायचे. काकू ती पाहून म्हणायच्या, "कागद बरा लागलाय," आणि आहेर वैशालीच्या हाती पाठवायच्या. हळदीला तर नाहीच. विधवा बाईने पुढे पुढे करायचं नाही, ही रीत कुणी तोंडाने सांगत नसे आणि सगळे पाळत. "आपन मागं बरे," काकू म्हणायच्या, आणि हातातलं काम चालू ठेवायच्या.

त्या रीतीचाही एक प्लगइन आमच्याकडे होता. नाव 'वडीलधारे'. मुलाचे किंवा मुलीचे वडील हयात नसतील तर निमंत्रक म्हणून घरातला थोरला पुरुष घ्यायचा, काका, आजा, मामा, जो असेल तो. आईचं नाव गाळायचं. काकूंनीच तो मला सांगितला होता, हिशोबी आवाजात, जसं श्री. कुठे आणि चि. कुठे ते सांगतात तसं. "असंच छापतात," त्या म्हणाल्या होत्या. मी दहा मिनिटांत लिहिला आणि किती छोटा झाला म्हणून खूश होतो. विचार करणं हे माझ्या कामात बसत नव्हतं.

मग वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा मुरबाडचा, शिक्षक. काकूंचे दीर बाळारामभाऊ, त्यांची गावी भातगिरणी. माणूस कडक, पण दत्ताकाका गेल्यापासून दर हंगामाला तांदळाचं पोतं न सांगता दुकानाच्या दारात ठेवून जाणारा. कन्यादानाला तेच आणि त्यांची बायको बसणार होते. ते रुसले तर मांडवात वैशालीच्या बाजूला उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं, हे काकूंना पक्कं माहीत होतं.

वैशालीच्या पत्रिकेची माहिती काकूंनी मला स्वतः सांगितली. मी भरली, प्रूफ काढलं. काकूंनी चष्मा खाली ओढला, कागद लांब धरला, आणि पहिल्यांदाच मी त्यांना प्रूफ मनात वाचताना बघितलं. कै. दत्तात्रेय यांची कन्या. निमंत्रक: श्री. बाळाराम. पुढे चुलते, मामा, आत्याचे यजमान, किलबिल. सगळं रीतीप्रमाणे, एकही चूक नाही. काकू त्या पत्रिकेत कुठेच नव्हत्या.

त्यांनी कागद पालथा घातला नाही. तसाच हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "तो वडीलधाऱ्यांचा पाव्हना. त्याला ह्या खेपेला बोलवू नको."

"डिलीट करू?"

"नको. इतक्या जणांच्या पत्रिकेत त्याचा मान ठेवला. असूं दे तिथं. आपल्याकडं बोलवू नको, येवढंच."

फाइलमध्ये त्याच्या ओळीपुढे मी एक खूण टाकली. खूण असलेली ओळ सिस्टिम सोडून देते, आणि मग आईचं नाव निमंत्रकात जागेवर राहतं. मी लिहिलेल्या हजारो ओळींमध्ये कामाची म्हणावी अशी एवढी एकच खूण, आणि तीही काकूंनी सांगितलेली.

"आणि भाऊजींचं नाव स्वागताला, पयलं," काकू म्हणाल्या. "त्यांना दोन श्री लाव. फक्त त्यांना."

हे म्हणणं सोपं होतं. माझ्या पाहुण्याला एक तर सगळ्यांना एक किंवा सगळ्यांना दोन एवढंच कळत होतं. एका माणसापुरता मान वेगळा ठेवायला शिकवताना माझा अर्धा दिवस गेला आणि मध्ये लाइटही गेली. काकू बाजूला बसून होत्या. त्यांनी एकदाही घाई केली नाही.

नवं प्रूफ त्यांनी मोठ्याने वाचलं. "निमंत्रक: श्रीमती प्रमिला दत्तात्रेय" इथे सूर अडला. एवढ्या वर्षांत त्यांनी किती नावं त्या खुर्चीत बसून वाचली असतील, स्वतःचं कधी नाही. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्याने. मी उगाच माउस पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी बाळारामभाऊ आले. खुर्चीत बसले, पत्रिका हातात घेतली. वाचता वाचता त्यांची भुवई वर गेली.

"वहिनी, निमंत्रकात गडबड झालीय."

काकू काही बोलायच्या आत मी बोलून गेलो. "माझी चूक, भाऊ! लोडिंगमध्ये प्रॉब्लेम झाला. मशीनचं कसं असतं ना..."

"तू गप," काकू म्हणाल्या. मग दिरांकडे वळल्या. "गडबड नाय, भाऊजी. मी सांगितलं तसंच काढलंय."

"लोक काय बोलतील?"

"बोलतील. मी ऐकंन." त्यांचा आवाज प्रूफ वाचताना असतो तसा. "तुमी नसता तर आमी मायलेकी उभ्या ऱ्हायलो नसतो. हे मी इसरले नाय. कन्यादानाला तुमी नि जाऊबाईच बसनार. पन पोरगी मी वाढवली. लोकांना या म्हनायचं, ते मी म्हननार. बोलावनं माझं."

पत्रिकेवरून भाऊंचं बोट खाली सरकलं आणि स्वागताच्या ओळीवर थांबलं. मग पुन्हा वर गेलं. त्यांनी सगळी नावं एकेक करून तपासली, मामांचं, आत्याच्या यजमानांचं, व्याह्यांचंसुद्धा.

"दोन श्री मला एकट्यालाच?"

"एकट्यालाच."

भाऊंनी उठताना पत्रिका टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हळदीचा टाइम सात लिवलाय. साडेसात कर. सातला माणसं जमत नाय." आणि चपला घालून गेले.

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "ऐकलंस ना? साडेसात कर."

वैशालीच्या हळदीला काकू मांडवाच्या तोंडाशी उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला "या" म्हणत होत्या. काही म्हाताऱ्या बायका आपसात कुजबुजल्या, नाही असं नाही. पण निमंत्रण ज्यांच्या नावाने गेलं त्यांनीच या म्हणायचं असतं, त्यामुळे त्यांना काही करता येईना. मला वाढपात घातलं होतं आणि मी वरणाची बादली बाळारामभाऊंच्या धोतरावर सांडली. त्याचं मात्र कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

पुढे मला ठाण्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी काकूंना माझ्या जागी येणाऱ्या मुलीसाठी सगळं समजावून द्यायला निघालो, तर त्या म्हणाल्या, "तिला मी सांगते. तुझं ऐकून ती पळून जाईल." मी पाया पडलो. त्यांनी हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "तिथं पन कुनाला मशीनवर ढकलू नको."

मी पायरी उतरलो तेव्हा डोळखांबच्या बाजूची तिघं आत शिरत होती. एक म्हातारा, एक नवरा मुलगा, आणि त्यांच्या मागे एक बाई, कपाळ मोकळं. म्हातारा खुर्चीवर बसला, मुलगा स्टुलावर. बाई दाराच्या चौकटीलाच टेकून उभी राहिली. माझी एसटी पंधरा मिनिटांवर होती, तरी मी पानवाल्याकडे थांबलो.

"निमंत्रक?" काकूंनी विचारलं.

"माझं नाव घाला," म्हातारा म्हणाला. "मी आजा. मुलाचा बाप नाय ऱ्हायला."

काकूंनी मान हलवली. त्यांनी म्हाताऱ्याचं नाव लिहून घेतलं, कुठला मान चुकवला नाही. मग चष्मा वर सारला आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं.

"आत ये गो," त्या म्हणाल्या. "तुझं नाव काय?"

ती बाई गोंधळली. "मी मुलाची आय."

"ते मला दिसतंय. तुझं नाव सांग."

तिने सासऱ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, पदर तोंडावर धरला आणि हसली. मग चौकट सोडून एक पाऊल आत आली आणि तिने नाव सांगितलं. इतक्या हळू की मला रस्त्यावर ऐकू आलं नाही.

काकूंना आलं असावं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.